बारा कोंबड्या, एक खुराडे आणि येणारा उन्हाळा

जुळे सोलापुरातील एका वाचक भगिनींनी लिहिले आहे:

'आमच्या घरामागे वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद मोकळी जागा आहे. तिथे पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. रात्री सगळे चार बाय चार फुटांच्या खुराड्यात बसतात. यजमानांच्या मित्राचा मोहोळकडे अंड्यावरच्या कोंबड्यांचा फार्म आहे. तिथली ७८ आठवड्यांची बॅच या मार्चमध्ये निघणार आहे आणि त्यांतल्या बारा कोंबड्या ते आम्हाला नाममात्र किमतीत द्यायला तयार आहेत. त्या कापायला जाणार हे कळल्यापासून मला चैन पडत नाही. मुलांना घरची अंडी मिळतील, उरलेली शेजारी देता येतील, असेही वाटते. सासूबाई मात्र म्हणतात की पिंजऱ्यातली कोंबडी अंगणात टिकत नाही, रवणीला म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, आणि अंडी थांबली की तुम्ही तिचे काय करणार? येत्या रविवारी आम्ही कोंबड्या आणायला जाणार आहोत. त्या आमच्या कोंबड्यांत मिसळतील का? ज्वारी आणि घरचे उरलेले अन्न त्यांना पुरेल का?'

ताई, तुमच्या पत्रातला 'रविवारी' हा शब्द वाचून मी थांबले, म्हणून आधी त्याविषयीच लिहिते. येत्या रविवारी कोंबड्या आणू नका. मृग आणि आर्द्रा सरून हवा निवली की, म्हणजे जुलैमध्ये, आणा. आणि तेव्हाही बारा नव्हे, चारच आणा. तुमच्या मनातली कळवळ मला पूर्ण मान्य आहे आणि ती मोडावी असे मला मुळीच वाटत नाही, परंतु घाईने आणलेल्या बारा कोंबड्यांपैकी किती जगतील आणि त्यांच्यापायी तुमच्या पाचांपैकी किती जातील, याचा विचार केल्यावर मला दुसरा सल्ला देववत नाही.

जागेचा हिशेब आधी पाहा. रात्री बसायला एका कोंबडीला किमान तीन चौरस फूट जमीन हवी, असे धरले तर तुमचे सोळा चौरस फुटांचे खुराडे आहेत त्या सहा पक्ष्यांनीच भरलेले आहे. त्यात आणखी बारा कोंबल्या तर त्या रात्रभर एकमेकींच्या अंगावर बसतील, विष्ठेतील अमोनियाने त्यांचे डोळे आणि श्वासनलिका चुरचुरतील आणि सकाळी दार उघडण्याआधीच टोचाटोची सुरू होईल. मागची जागा तीनशे चौरस फूट आहे. दहा पक्ष्यांना ती पुरते, कारण प्रत्येकीच्या वाट्याला तीस चौरस फूट येते आणि उकरलेली माती सावरायला थोडा अवधी मिळतो. अठरा झाल्या की पहिल्याच पावसात त्या जागेचा चिखल होईल. एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम ओली विष्ठा टाकते, म्हणजे अठरा पक्ष्यांची रोजची जवळपास दोन किलो विष्ठा तुम्हाला उचलावी लागेल. ती उचलली गेली नाही तर माशा आणि वास यांमुळे ज्या शेजाऱ्यांना तुम्ही अंडी देणार आहात तेच तक्रार करतील. तुम्ही महानगरपालिकेच्या हद्दीत राहता, तेव्हा पक्ष्यांची संख्या वाढवण्यापूर्वी तिथले नियम विचारून घ्या आणि भिंतीला भिंत असलेल्या घरांशीही आधीच बोलून ठेवा.

आता ऋतूविषयी. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, हे तुम्हाला सांगायला नको. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख अंगापासून सुटे धरून वारा घेणे, एवढेच तिच्या हाती असते. धापा टाकताना तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच घडवण्याची क्रियाच बिघडते, म्हणून उन्हाळ्यात अंड्याचे कवच पातळ होते. उष्णता फारच वाढली तर भर दुपारी कोंबडी बसल्या जागी मान टाकते. तुमच्या गावठी कोंबड्या याच हवेत वाढल्या आहेत आणि सावली कुठे सरकते हे त्यांना ठाऊक आहे. पिंजऱ्यातली कोंबडी आजवर उंच छताखाली, पंखे आणि फवारे यांच्या आधाराने उन्हाळा काढत आली आहे. तिची पिसे जागोजागी झिजलेली असतात आणि उघड्या आभाळाखाली ती कधी गेलेली नसते. तिला गाडीचा प्रवास, अनोळखी जागा, बदललेले खाद्य आणि वैशाखाचे ऊन हे सारे एकाच महिन्यात सोसायला लावणे योग्य नाही. शिवाय उन्हाळ्यात एका कोंबडीला अर्धा लिटरपर्यंत पाणी लागते, ते दिवसातून तीन-चार वेळा बदलून गार ठेवावे लागते, आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, ही गोष्टही हिशेबात धरायला हवी.

तुम्ही म्हणाल, जुलैपर्यंत ही बॅच थोडीच थांबणार आहे? नाही थांबणार. ज्या कोंबड्यांचा विचार तुमच्या मनात घर करून बसला आहे त्या जातील आणि त्याचे वाईट वाटेल. पण पुढची बॅच निघेल तेव्हा तिच्या नशिबीही हीच वाट असेल आणि त्या बॅचमधून वाचवलेल्या चार कोंबड्या या बॅचमधल्या चारांपेक्षा कमी मोलाच्या नसतील. तुम्हाला जीव वाचवायचे आहेत. ते जिथे वाचण्याची शक्यता अधिक, तिथे वाचवा.

माझा आग्रह केवळ ऐकीव माहितीवर उभा नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः आठ कोंबड्या एका फार्मवरून आणून त्याच संध्याकाळी माझ्या सात गावठी कोंबड्यांत सोडल्या होत्या. नव्या कोंबड्या ठणठणीत दिसत होत्या आणि पुढेही ठणठणीतच राहिल्या. दहाव्या-बाराव्या दिवशी माझ्या जुन्या कोंबड्यांनी खाणे सोडले, त्यांना हिरवट जुलाब झाले, दोघींच्या माना वळल्या आणि आठवड्याभरात सातांपैकी पाच गेल्या. मानमोडी होती, म्हणजे रानीखेत हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग. ज्या कोंबडीखाली मी तीन वर्षे पिल्ले काढली होती ती त्यांत गेली, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती. फार्मवरच्या कोंबड्यांना लहानपणापासून रानीखेतच्या लसी दिलेल्या असतात. लस घेतलेली कोंबडी स्वतः आजारी दिसत नाही, पण रोगाचा विषाणू तिच्या अंगात शिरला असेल तर विष्ठेतून आणि श्वासातून ती तो बाहेर टाकू शकते. माझ्या कोंबड्यांना कधीच लस दिलेली नव्हती. तुमच्या पाचांना दिली आहे का, हे पत्रात नाही. बहुधा नसावी, कारण घरगुती कोंबड्यांना लस देण्याची सवय आपल्याकडे फार थोड्यांना आहे.

म्हणून जूनमधले पहिले काम लसीचे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किती पक्षी आहेत, कोणते अंड्यावर आहेत ते सांगा आणि कोणती लस द्यायची हे डॉक्टरांना ठरवू द्या, कारण अंड्यावरच्या कोंबडीला काही लसी टोचल्या तर अंडी काही दिवस घटतात. एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवते. लसीची कुपी साधारण शंभर पक्ष्यांच्या मात्रेची असते आणि एकदा द्रावण केले की एक-दोन तासांत ती संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कुपी फोडणे कोणालाच परवडत नाही, तेव्हा आसपास ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत अशा चार-पाच घरांना एकत्र करून एकच दिवस ठरवा. कुपी बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणा. पाण्यातून द्यायची लस असेल तर ती नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात मिसळू नका. क्लोरीनमुळे तिचे विषाणू मरतात आणि दिलेली लस वाया जाते. लस दिल्यानंतर निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि मगच नव्या कोंबड्या घरी आणा.

त्या आल्या की पूर्ण तीस दिवस वेगळ्या ठेवायच्या. वेगळ्या म्हणजे जाळीपलीकडे नव्हे. जागेच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याची दिशा पाहून, स्वतंत्र खुराड्यात, स्वतंत्र भांड्यांसह. रोज आधी जुन्या कोंबड्यांचे खाणे-पाणी उरकायचे, मग नव्यांकडे जायचे. तिथली चप्पल वेगळी ठेवायची आणि परतताना हात साबणाने धुवायचे. हा महिना दोन्ही बाजूंसाठी गरजेचा आहे, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नव्यांकडून श्वसनाचे आजार आणि मानमोडी येऊ शकते, तसे तुमच्या अंगणातले जंत, रक्ती हगवण करणारे कॉक्सिडियाचे जंतू आणि गोचीड हे नव्यांना बहुतेक अनोळखी असतात, कारण पिंजऱ्याच्या जाळीवर जन्म काढलेल्या कोंबडीचा मातीशी संबंधच आलेला नसतो. या महिन्यात दोन्हीकडच्या कोंबड्यांना डॉक्टरांना विचारून जंताचे औषध द्या आणि त्या औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही त्यांच्याकडूनच विचारून घ्या. एखादी शिंकत असेल, नाकातून पाणी येत असेल, रात्री घरघर ऐकू येत असेल, तर तीस दिवस संपले तरी तिला मिसळू नका. आणि अचानक एकापाठोपाठ एक पक्षी मेले, तर उरलेले कोणाला देऊ नका, विकू नका. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नवापूरला झाली होती. तेव्हापासून ही दक्षता घरच्या पाच कोंबड्यांनाही लागू आहे.

दुसरे खुराडे बांधायला तुमच्याकडे एप्रिल आणि मे असे दोन महिने आहेत. पाच फूट लांब, चार फूट रुंद करा, लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंनी आत शिरणार नाही. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलून घ्या. जाळी अर्ध्या इंचाची वापरा. मोठ्या छिद्रांच्या जाळीतून मुंगूस सहज आत जाते आणि एका रात्रीत सगळे संपवते. पत्र्यावर बाहेरून चुना द्या आणि उन्हाळ्यात कडब्याचा जाड थर टाका. खाली अंथरायला भुईमुगाची टरफले आपल्याकडे सहज मिळतात आणि चांगली कोरडी राहतात. ती दोन-तीन दिवसांनी हलवत राहा. सांगाड्याला शक्यतो लोखंड वापरा. जुने लाकूड स्वस्त पडते खरे, पण त्याच्या फटींत कोंबड्यांचे गोचीड दिवसभर लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. तुमच्या सध्याच्या खुराड्यातही एकदा रात्री विजेरी लावून फटी तपासा. बसायची दांडी प्रत्येकीला आठ-दहा इंच मिळेल एवढी लांब हवी, आणि या कोंबड्यांसाठी ती जमिनीपासून फुटाहून उंच नको. त्याचे कारण त्यांच्या हाडांत आहे.

ही कोंबडी दीड वर्षाच्या आयुष्यात तीनशेहून अधिक अंडी देऊन आलेली असते. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. खाद्यातून ते अपुरे पडले की ती ते आपल्या हाडांतून काढून देते. त्यात पिंजऱ्यात पंख पसरून उडी मारण्याची सोय नाही, म्हणजे हाडांना कामही नाही. परिणामी तिचे पाय आणि छातीचे हाड ठिसूळ झालेले असते. फार्मवर पाय धरून उलटी लटकवण्याची पद्धत आहे. तसे तुम्ही मुळीच करू देऊ नका. दोन्ही हातांनी पंख अंगाला दाबून, पोटाखाली आधार देऊन उचला आणि हवेशीर क्रेटमध्ये, रात्रीच्या किंवा पहाटेच्या गारव्यात आणा. निवडताना मन घट्ट करा. तुमचा हात सगळ्यांत केविलवाणीकडे जाईल, पण जिचे डोळे टवटवीत आहेत, नाक कोरडे आहे, मागची पिसे विष्ठेने माखलेली नाहीत, छातीचे हाड सुरीसारखे वर आलेले नाही आणि खाली ठेवल्यावर जी स्वतःच्या पायांवर उभी राहते, तीच घ्या. पिसे झडलेली आहेत किंवा तुरा फिका होऊन एका बाजूला कलंडला आहे, यांना दोष मानू नका. पिसे पुन्हा येतात.

पहिला आठवडा तुमच्याकडून फार मागेल. या कोंबड्या नळीला लावलेल्या निपलमधून, म्हणजे छोट्या तोटीतून, थेंब थेंब पाणी पीत आलेल्या असतात, त्यामुळे समोर परातभर पाणी ठेवले तरी ते प्यायचे असते हे त्यांना कळेलच असे नाही. पोहोचल्यावर लगेच प्रत्येकीची चोच हळूच पाण्यात बुडवून द्या, दोन-तीन वेळा. चोचीचा शेंडा लहानपणी कापलेला असल्याने त्यांना जमिनीवर फेकलेले बारीक दाणे नीट टिपता येत नाहीत. खाद्य खोलगट भांड्यात द्या. संध्याकाळ झाली की खुराड्यात जायचे, हेही त्यांना माहीत नसते. त्या अंधारात जिथल्या तिथे बसून राहतील. आठ-दहा दिवस रोज उचलून आत ठेवा, मग त्या आपणहून जाऊ लागतील. अंडी कुठेही घालतील. टोपलीत एक नकली अंडे किंवा अंड्याएवढी पांढरी गारगोटी ठेवून पाहा. एक गोष्ट मात्र त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून ठेवा. जन्मात माती न पाहिलेली कोंबडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यात आडवी पडून पंखांनी धूळ अंगावर घेऊ लागते. ते पाहायला मुलांना बोलवा.

महिना निर्धोक गेला की मिसळण्याची वेळ येते. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचे, याची ठरलेली उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलिफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ती प्रथम शास्त्रीय पद्धतीने मांडली. नव्या चार आल्या की ही उतरंड पुन्हा नव्याने रचली जाते, तुमच्या गावठी पाचांमधलीसुद्धा, आणि ती टोचाटोचीशिवाय रचली जात नाही. तुम्हाला ती थांबवता येणार नाही, सौम्य करता येईल. आधी दहा-पंधरा दिवस मध्ये जाळी ठेवून दोन्ही बाजूंना एकमेकींना पाहू द्या. मग एका संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी, जाळी काढा. भांडायला वेळ थोडा मिळतो. खाण्याची आणि पाण्याची दोन-दोन ठिकाणे एकमेकांपासून दूर ठेवा, मध्ये एखादी पाटी, फळकूट, झुडूप असे आडोसे ठेवा, म्हणजे मार खाणारीला नजरेआड होता येईल. एकटी कोंबडी कधीही कळपात सोडू नका. चौघी एकत्र असल्या की मार वाटला जातो. पिसे उपटली जाणे चालेल, रक्त चालणार नाही. लाल रंग दिसला की बाकीच्याही त्याच जखमेवर टोचू लागतात, तेव्हा जखमीला तत्काळ बाजूला घ्या आणि जी हात धुऊन मागे लागली आहे तिला तीन-चार दिवस डालग्याखाली ठेवा. ती परत येते तेव्हा तिची जागा थोडी खाली सरकलेली असते. तुमचा गावठी कोंबडा जोरकस असेल तर सुरुवातीचे दोन आठवडे त्याला नव्यांपासून दूर ठेवा, त्यांच्या पाठी आणि पाय त्याचा भार सोसण्याइतके बळकट नसतात. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, हे मुलांनाही सांगा.

माझे वैयक्तिक मत असे की दिवसा अंगण एक आणि रात्री खुराडी दोन, हीच व्यवस्था तुम्ही कायम ठेवावी. सगळ्यांना एका छताखाली बसवण्याचा हट्ट कशाला? दिवसा पळायला जागा असते. रात्री दांडीवर नसते.

ज्वारीच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि मालदांडी ज्वारीच्या मुलखात ते लिहिताना मला जडच जाते. तुमच्या गावठी कोंबड्या वर्षाला साठ-सत्तर अंडी देतात, दिवसभर उकरून किडे खातात आणि ज्वारीवर भागवतात. नवी कोंबडी तशी नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि अवघे २५ ते ३० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. एका कवचाला दोन ग्रॅम, म्हणजे दोन हजार मिलिग्रॅम लागते, हे वर आलेच आहे. उरलेले ती पुन्हा आपल्या हाडांतून काढील आणि एके दिवशी तिला उभेच राहता येणार नाही. तिला रोज ११० ते १२० ग्रॅम लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य, द्या, ज्यात सोळा-सतरा टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. चार कोंबड्यांना महिन्याला साधारण चौदा किलो लागेल. पहिले काही आठवडे फार्मवर जो मॅश होता तोच आणा. ज्वारी द्यायचीच, पण संध्याकाळी, प्रत्येकीला लहानशी मूठ. शिंपल्याचा जाडसर चुरा वेगळ्या वाटीत नेहमी ठेवा. कवच मुख्यत्वे रात्री घडते, त्या वेळी कोंबडी काही खात नाही, आणि पोटातले जाड तुकडेच सावकाश विरघळत तिला रात्रभर कॅल्शियम पुरवतात. लहान पिल्लांना मात्र लेअर मॅश देऊ नका, एवढे कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. घरच्या अन्नापैकी भाजीचे देठ, मेथी, शेवग्याचा पाला, भात, ताजी भाकरी चालेल. बुरशी आलेली भाकरी, खारट-तिखट उष्टे, शेंगाचटणीचा मसाला चालणार नाही. ओल लागलेली शेंगदाणा पेंड तर दाराशीही आणू नका, त्या बुरशीचे विष यकृत खाते.

अंड्यांची अपेक्षा जरा आवरती ठेवा. फार्मवर या कोंबड्यांना रोज सोळा तासांपर्यंत उजेड असतो. सोलापुरात दिवस जूनमध्ये सुमारे तेरा तासांचा आणि डिसेंबरमध्ये सुमारे अकरा तासांचा असतो. उजेड घटला, जागा बदलली की त्या बहुधा अंडी थांबवतील आणि पिसे टाकतील. दोन-तीन महिनेही जातील. लोक अशा वेळी पहाटे दिवा लावून अंडी सुरू ठेवतात. मी तसे करू नका म्हणेन, कारण हीच विश्रांती त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत असते. पिसे पुन्हा भरून आली, तुरा लाल झाला की दिवसाआड एखादे अंडे मिळू लागेल, मोठे आणि थोडे पातळ कवचाचे. चौघी मिळून आठवड्याला डझनभर अंडी आली तरी तुमच्या मुलांना ती पुरतील. शेजारी विकण्याइतकी ती उरतील, असे धरून चालू नका.

सासूबाईंचे म्हणणे रवणीपुरते खरे आहे. या जातीतून खुडूक बसण्याची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ काढून टाकलेली आहे, कारण खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. पिल्ले हवी असतील तर ते काम तुमच्या गावठी कोंबडीकडेच राहील, आणि ती एकवीस दिवसांत ते चोख करील. अंगणात टिकत नाहीत, हे त्यांचे म्हणणे मात्र ज्यांनी उन्हाळ्यात आणून थेट सोडल्या त्यांच्या अनुभवावरून आले असावे. नीट आणलेल्या टिकतात. तरीही या कोंबड्या गावठीइतक्या दीर्घायुषी नसतात. अंडे पोटात अडकणे, अंडाशयाचा दाह, अशी दुखणी त्यांना लवकर गाठतात, आणि चारांपैकी एखादी वर्षभरातच गेली तर तुम्ही काही कमी केले असे समजू नका.

त्यांचा तिसरा प्रश्न, अंडी थांबल्यावर काय, हा सगळ्यांत अवघड आहे आणि तो त्यांनी आधीच विचारला याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्याचे उत्तर कोंबड्या घरी येण्याआधी, सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा. मुले त्यांना नावे ठेवणार, त्यांच्या मागे फिरणार, आणि मग दोन वर्षांनी घरात कोणीतरी पातेल्याची गोष्ट काढणार, असे होऊ नये. कापायला जाऊ नयेत म्हणून तुम्ही त्यांना आणत असाल, तर अंडी न देणाऱ्या कोंबडीलाही रोज शंभर ग्रॅमच्या आसपास खाद्य लागते आणि तो खर्च काही वर्षे तुमचा आहे, हे यजमानांसमोर आणि सासूबाईंसमोर स्पष्ट बोला. चारांचा तो खर्च बहुतेक घरांना पेलतो. बारांचा पेलत नाही, आणि मग बारांचे पुन्हा तेच होते ज्यातून तुम्ही त्यांना सोडवले.

रविवारी मोहोळला अवश्य जा, सासूबाईंनाही बरोबर न्या, पण क्रेट घरी ठेवा. शेडमध्ये पाऊल न टाकता बाहेरूनच मालकांशी बोला, आणि घरी आल्यावर अंगणात जाण्याआधी कपडे व चप्पल बदला. कोंबड्यांना कोणत्या लसी कधी दिल्या, मॅश कुठला आहे, पाणी कशाने देतात, हे विचारून वहीत लिहून घ्या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोणती बॅच निघणार आहे, ती तारीख लिहून आणा.